हर्णे ते सुवर्णदुर्ग: पंचमीच्या ओहोटीत आठ जणांची बोट सफर कशी बसवली

दापोलीजवळच्या हर्णे बंदरातून सुवर्णदुर्गला जायचं म्हटलं की सगळे पहिलं विचारतात की बोटीचे किती घेतात. पैशांचं काय, थोडं इकडेतिकडे होऊन जमतं. पण त्या दिवशी तिथी कोणती हे कुणी विचारत नाही, आणि किल्ल्यावर पाय ठेवायला मिळणार की नुसतं बोटीतून बघून परत फिरायचं हे बरंचसं तिथीवर ठरतं. म्हणून हे एकच प्रकरण पहिल्यापासून लिहितोय, ग्रुप कोण होता, अडलं कुठे, पर्याय काय होते, काय ठरवलं आणि प्रत्यक्ष पाण्यावर काय झालं. कुणाला आपली सफर ठरवताना उपयोग झाला तर चांगलंच.

ग्रुप आणि त्यांची अट

पुण्यातली दोन कुटुंबं, मिळून आठ जण. त्यात एक आजी, वय ७१, गुडघ्यांचा त्रास पण फिरायची प्रचंड हौस. दोन मुलं, एक नऊ वर्षांचा आणि एक तेरा वर्षांची. एक काका, ज्यांनी आंग्रे घराण्यावर मिळेल ते वाचलेलं आणि ज्यांना किल्ल्याचा प्रत्येक बुरूज बघायचाच होता. एका ताईंना बोट लागते, म्हणजे मळमळतं, ते त्यांनी आधीच सांगितलेलं. बाकीचे तिघं धडधाकट. जुळवाजुळव माझ्याकडे होती.

दिवस ठरला मार्गशीर्षातला शनिवार. शुक्रवारी रात्री मुक्कामाला यायचं, शनिवारी सकाळी बोट, दुपारी जेवून परत पुणे. वेळ इतका कमी का, तर दुसऱ्या दिवशी रविवारी चंपाषष्ठी, त्यातल्या एका घरी खंडोबाचं नवरात्र बसलेलं, देवाजवळ घरी धाकटे दीर-जाऊ होते पण तळी भरायला आणि भरीत-रोडग्याच्या नैवेद्याला सगळ्यांनी घरी असायलाच हवं होतं. त्यामुळे शनिवारची सकाळ सोडून दुसरी वेळच हातात नव्हती. (त्या घरच्यांचे नवरात्रामुळे मासेही बंद होते, हर्णेत येऊन लिलावातला पापलेट नुसता बघायचा ही खरी परीक्षा.)

आता चंपाषष्ठी रविवारी, म्हणजे शनिवारी शुद्ध पंचमी. सगळी गोची इथे होती.

पंचमीची गोची नक्की काय

कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आलेल्या आकड्याच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, एकदा पहाटे एकदा संध्याकाळी. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दर दिवशी पाऊण तासाने पुढे सरकतं. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्येक बंदराला थोडा फरक पडतो आणि मुंबईपासून जसं दक्षिणेला यावं तशी भरती जरा लवकर येते, पण अंदाजासाठी उत्तम. भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर.

पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे साडेतीन-पावणेचारला भरती, आणि सकाळी पावणेदहा-दहाला पूर्ण ओहोटी. आणि पर्यटकांच्या बोटी साधारण कधी निघतात, तर नाश्ता-बिश्ता आटपून नऊ-साडेनऊला. म्हणजे आमचा ग्रुप किल्ल्याजवळ पोचणार बरोब्बर सगळ्यात कमी पाण्याच्या वेळी.

कमी पाणी असलं तर काय बिघडतं, हे सुवर्णदुर्ग न पाहिलेल्यांसाठी सांगतो. किल्ला पूर्ण बेटावर आहे, चारी बाजूंनी समुद्र, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे उतरायला धक्का नव्हता. पूर्वेला महादरवाजाच्या समोर छोटीशी पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा आहे, बोट नाक लावून तिथे टेकते आणि आपण कडेवरून पाण्यात उतरून चालत जायचं. पाणी बऱ्यापैकी असेल तर बोट पार वाळूजवळ येते आणि पाणी पोटरीपर्यंत लागतं. पाणी उतरलं की खडक उघडे पडतात, शेवाळलेले, कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा पायाला ब्लेडसारख्या लागतात, आणि बोट त्या खडकांत घालायला कुठलाही शहाणा तांडेल (बोट चालवणारा) तयार होत नाही, लांबच उभी करतो. मग गुडघाभर पाण्यातून खडकांवरून चालत जा. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ते करायचं नसतं.

आणि वर आपण जाऊन आलो तोवर पाणी अजून उतरलं तर बोट आणखी लांब.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय दुपारचा. दुपारी पावणेचारच्या आसपास पुन्हा भरती होतीच. पण डिसेंबरात कोकणात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, तेव्हा समुद्र गुळगुळीत असतो, आणि ऊन तापलं की दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, पाणी चॉपी होतं, छोट्या फायबर बोटीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर शिंतोडे आणि पोटात ढवळाढवळ. बोट लागणाऱ्या ताईंसाठी हे वाईट, आणि पुण्याला परतायला मध्यरात्र झाली असती ते वेगळंच. बाद.

दुसरा पर्याय आठवडाभर पुढे ढकलायचं. पुढच्या शनिवारी द्वादशी, सकाळी नऊला भरती, मतलई वारा, म्हणजे सोन्यासारखी वेळ. पण मुलांच्या शाळेचं गॅदरिंग आडवं आलं, आणि मोठ्यांच्या सुट्ट्याही मिळाल्या नसत्या. बाद.

तिसरा पर्याय किल्ल्यावर उतरायचंच नाही, बोटीतून चक्कर मारायची, डॉल्फिन बघायचे आणि परत. बरेच लोक असंच करतात आणि त्यात वावगं काही नाही. पण काका ऐकेनात, आणि मला स्वतःलाही ते पटत नव्हतं, महादरवाजाच्या पायरीवरचं कासव न बघता कुणाला सुवर्णदुर्ग दाखवला म्हणणं मला जमत नाही.

चौथा पर्याय आमच्या बोटीच्या तांडेलांनी सुचवला. फोनवर तिथी सांगितली आणि आजी आहेत हेही सांगितलं, तर ते म्हणाले, "साडेसहाला बंदरात या. आधी किल्ला, मग फेरी, डॉल्फिन शेवटी. नेहमीचं उलटं करूया." मी विचारलं अंधार नसेल का, तर म्हणाले, "निघताना फटफटलेलं असतं, किल्ल्याला लागेपर्यंत दिवस वर येतो. तुम्ही फक्त आठला खाली या, सव्वाआठ नको."

या एका वाक्याने सगळं सुटलं, आणि ते का सुटलं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या पॅकेजमध्ये क्रम असतो डॉल्फिन, फेरी, किल्ला. कारण डॉल्फिन सकाळी लवकर दिसतात असं सगळ्यांना वाटतं आणि किल्ला कुठे पळून जात नाही. पण उतरत्या पाण्याच्या सकाळी पळून जाते ती किल्ल्यावर उतरायची संधी. सहा-पावणेसातला पाणी साधारण अर्धं उतरलेलं, अजून पुळणीवर बोट टेकू शकते. दहाला काहीच नाही. म्हणून जे पाण्यावर अवलंबून ते आधी, आणि जे कमी पाण्यातही चालतं ते नंतर. उलट फेरी मारायला ओहोटी फायद्याचीच, ते पुढे सांगतो.

अशी उलटापालट फक्त छोट्या ग्रुपलाच जमते. पूर्ण बोट आपली, आठच माणसं, सगळी एकाच होमस्टेमध्ये, तर पहाटे साडेपाचला उठवता येतं. माणशी पैसे भरून वीस-पंचवीस जणांच्या बोटीत बसलो असतो तर बोट भरेपर्यंतच आठ वाजले असते. पूर्ण बोट घेतली की माणशी खर्च वाढतो हे खरं, पण त्या पैशात आपण वेळ विकत घेत असतो, आणि इथे वेळच सगळं होती.

एक भलतीच अडचण यात उरली, ती आजींची. किल्ल्यावर उतरणं अर्ध्या पाण्यातही त्यांच्यासाठी धोक्याचं, बोटीच्या कडेवरून पाय टाकून खाली हलत्या पाण्यात उभं राहायचं. आणि परत येताना पूर्ण ओहोटी, म्हणजे हर्णेलाही बोट काठापर्यंत येणार नाही. पहिल्याचं उत्तर आजींनीच दिलं, मी बोटीत बसते, तुम्ही जाऊन या, मला फेरीत किल्ला दाखवा. त्यांच्याबरोबर सूनबाई थांबणार असं ठरलं. बोटीला वरून ताडपत्रीची सावली होती. (बोटीत बाथरूम नसतं आणि किल्ल्यावरही काहीच नाही, हे वयस्कर माणसांना आदल्या रात्रीच स्पष्ट सांगावं, लाजून राहू नये.) दुसऱ्याचं उत्तर तांडेलांकडे तयार होतं, परत आल्यावर छोटी होडी मागवायची, ती वाळूला टेकते. हर्णेत धक्क्याची अडचण पिढ्यान्‌पिढ्या आहे, मोठ्या बोटी आत उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून काठावर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात शिरलेले मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे एका आजींना काठावर आणणं हे त्या बंदराला काही विशेष नव्हतं.

प्रत्यक्ष सकाळ

बंदरात पोचलो तेव्हा रात्रीच्या बोटी आत येत होत्या, डिझेलचा आणि मासळीचा वास, बर्फाच्या टोपल्या, आणि शेजारच्या पाजपंढरी गावाच्या बाजूने बायका लिलावाला निघालेल्या. लाईफ जॅकेट आठही जणांना घालायला लावली, आणि नुसती अंगात अडकवून नाही तर पट्टे ओढून. मुलांचं जॅकेट मोठं होतं तर तांडेलांनी दुसरं आणलं. इथे मी कडक असतो, जॅकेट खाली ठेवून त्यावर बसणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. ताईंनी मळमळीची गोळी निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास घेतली होती, पोटात चहा-बिस्कीट, आणि त्यांना बोटीच्या मागच्या भागात बसवलं कारण नाकाजवळ उसळी जास्त लागते.

मतलई वारा पाठीमागून, समुद्र सपाट, पंधरा-वीस मिनिटांत पुळण. साडेसहाला आलो होतो, सातच्या थोडं नंतर पहिला पाय वाळूत. पाणी पोटरीच्या थोडं वर. प्रत्येकाच्या पायात मागे पट्टा असलेली सँडल, चप्पल नाही, कारण चप्पल पाण्यात निघून जाते. मोबाईल ड्राय बॅगेत. सहा जण उतरले, बोट जरा मागे घेऊन नांगर टाकला.

महादरवाजा समोरून पटकन दिसत नाही, तटबंदीच्या वळणात लपवलाय, अगदी जवळ गेल्यावर कळतो. पायरीवर कासव कोरलंय आणि आत शिरताना बाजूच्या भिंतीवर मारुती. मुलांना कासव प्रचंड आवडलं. आत मात्र झाडी खूप, पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत वाळून काटेरी झालेलं, पाऊलवाट सोडून शिरू नये. पाण्याची टाकी-विहिरी आहेत, पडलेले चौथरे आहेत, तट बऱ्याच ठिकाणी भक्कम, त्यावरून चालता येतं. पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं. किल्ला पूर्ण फिरायचा तर एक तास पुरत नाही. काकांना मी आधीच म्हटलं होतं की आपण दरवाजा, पूर्वेचा तट आणि पश्चिमेचा चोर दरवाजा एवढंच करू, बाकीचं बोटीतून. ते नाराज झाले, पण आठला दोन मिनिटं कमी असताना खाली हजर होते. पाणी तोवर बरंच उतरलं होतं, पुळणीच्या दोन्ही बाजूंना काळे खडक उघडे, आणि बोटीपर्यंत जाताना शेवटची काही पावलं खडकातून जपून टाकावी लागली. अजून अर्धा तास काढला असता तर मुलांना उचलूनच आणावं लागलं असतं.

ओहोटीतली फेरी, आणि १७५५

यानंतरचा तास-पाऊण तास या सगळ्या सकाळचा गाभा होता, आणि आजी त्यात पूर्ण सहभागी होत्या.

किल्ल्याला बोटीतून फेरी मारायची तर ओहोटीतच मारावी असं माझं आता ठाम मत झालंय. भरतीला तटाचा पाया पाण्याखाली जातो आणि नुसती भिंत दिसते. पाणी उतरलं की कळतं की कित्येक ठिकाणी खालचा भाग बांधलेला नाहीच, बेटाचा खडकच तासून तट केलाय आणि त्याच्यावर मोठमोठे चिरे चढवलेत. पश्चिमेला, म्हणजे मोकळ्या समुद्राच्या बाजूला, हे फार छान दिसतं. अर्थात त्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत, तांडेलांनी बोट बरीच बाहेरून घेतली आणि जवळ जाऊया का असं कुणी विचारल्यावर सरळ नाही म्हणाले. बरोबरच केलं.

तिथे काकांनी १७५५ ची गोष्ट सांगितली, आणि जिथे घडली तिथेच बघत ऐकली म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. सुवर्णदुर्ग शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेऊन मजबूत केला, पुढे तो आंग्र्यांचं मोठं ठाणं झाला. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले आणि नंतर घरात फूट पडली, अलिबागच्या कुलाब्याला मानाजी, इकडे दक्षिणेला संभाजी आणि त्यांच्यामागून तुळाजी. तुळाजीचं आणि नानासाहेब पेशव्यांचं बिनसलं, आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. मार्च १७५५ च्या शेवटी कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ नावाचं जहाज आणि बरोबर काही छोटी जहाजं घेऊन आला. पेशव्यांचं आरमार सोबत होतं पण ते बरंचसं लांबच राहिलं असं इंग्रजांच्या वृत्तांतात येतं.

जेम्सने आधी तोफा डागल्या त्या पश्चिमेकडून. दिवसभर मारा करून भिंतीला भगदाड पडेना. कारण समोर दिसतच होतं, ती भिंत म्हणजे अखंड खडक, तोफेच्या गोळ्याने त्याचे टवके उडतील, बाकी काही होणार नाही. तिथून तो पूर्वेला, किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरला, खोली मोजत मोजत, आणि अगदी जवळून दरवाजाच्या बाजूच्या बुरुजांवर मारा केला. गोळ्याने आत गवताने शाकारलेल्या घराला आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली आणि स्फोट झाला. एप्रिलच्या पहिल्या दिवसांत किल्ला पडला, पाठोपाठ किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हेही गेले.

हे ऐकत असताना आमची बोट पश्चिमेकडून दक्षिणेला वळसा घालून त्याच चिंचोळ्या पाण्यात आली. एका बाजूला सुवर्णदुर्गाचा दरवाजा आणि दुसऱ्या बाजूला कनकदुर्गावरचं दीपगृह. तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं की किनाऱ्यावर तीन किल्ले होते तर त्यांनी मधे शिरलेल्या जहाजावर तोफा का नाही मारल्या. फार चांगला प्रश्न. मारल्या असणारच, पण जहाज एकदा बेटाला चिकटून उभं राहिलं की किनाऱ्यावरून मारलेला गोळा चुकला तर आपल्याच किल्ल्यावर पडतो, हे त्या जागेवर बसून बघितलं की आपोआप समजतं. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं आणि ते मी दर वेळी बोलूनही दाखवतो. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ ला, विजयदुर्गावर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं, तुळाजी पुढे कैदेतच गेला. मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीचा कणा आपल्याच दोन घरांच्या भांडणात मोडला. तुळाजीच्या चुका असतील, होत्याच, पण त्याला वठणीवर आणायला परक्यांना बोलवायची किंमत किती पडली. काका यावर वेगळं बोलले, पेशव्यांची बाजू मांडली, बोटीत जरा वादही झाला, आजी म्हणाल्या दोघंही गप्प बसा आणि किल्ला बघा.

हो, लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. विल्यम जेम्स १७८३ ला वारला, आणि त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीसाठी १७८४ ला शूटर्स हिलवर एक तिकोनी मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. ते आपलं सुवर्णदुर्गच. अजून उभा आहे. तिथे राहणाऱ्यांनी एकदा जरूर जाऊन यावं, आणि मुलांना सांगावं की हा कुठल्या किल्ल्याच्या नावाचा आहे.

डॉल्फिन, आणि परत

डॉल्फिनबद्दल थोडक्यात. दापोलीजवळच्याच मुरुडच्या बाजूला गेलो, नऊ वाजता सुद्धा दिसले, चार-पाच पाठी वर आल्या. म्हणजे पहाटेच गेलं पाहिजे असं काही नाही. तांडेलांनी इंजिन अगदी हळू केलं आणि नंतर बंदच केलं, त्यामुळे ते बोटीच्या बरेच जवळ आले. दुसरी एक बोट जोरात त्यांच्या मागे लागली होती आणि ते लगेच बुडी मारून गायब झाले. हे बघून मुलांनाच राग आला. बोट ठरवतानाच सांगावं की पाठलाग नको, बहुतेक तांडेल ऐकतात, त्यांचंही डिझेल वाचतं.

ताईंना बोट अजिबात लागली नाही. मतलई वारा हे खरं कारण, गोळी नंतर.

पावणेदहाच्या सुमारास बंदरात, पाणी तळाला गेलेलं. होडी आली, दोघांनी हात देऊन आजींना मोठ्या बोटीतून होडीत घेतलं, होडी वाळूला टेकली आणि आजी घोट्यापर्यंत पाण्यातून चालत कोरड्या वाळूवर. याला दहा मिनिटं लागली, घाई केली नाही. नंतर गाडीने कनकदुर्गापर्यंत गेलो, दीपगृहाच्या थोड्या पायऱ्या आजी हळूहळू चढल्या, आणि तिथून समोर सुवर्णदुर्ग, उजवीकडे-डावीकडे पूर्ण किनारा. सकाळी कुठून कुठे गेलो ते त्यांनी बोटाने दाखवलं, अगदी बरोबर. गोवा किल्ला जाता जाता रस्त्यावरूनच बघितला, त्याचे तट छान शाबूत आहेत. फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे, तिथे किल्ला शोधत लोकांच्या दारात फिरू नये. बारा वाजता जेवण, एकला पुण्याकडे गाड्या.

जे सुटलं नाही

आजी किल्ल्यावर उतरू शकल्या नाहीत, हे या प्रकरणात शेवटपर्यंत सुटलं नाही. कुठल्याही तिथीला, अगदी द्वादशीच्या भरतीलाही, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हलत्या बोटीतून पाण्यात उतरणं सोपं नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाचा तर प्रश्नच नाही.

जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा जाहीर केलं आणि त्यात सुवर्णदुर्ग आहे, खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाबरोबर. गर्दी वाढणार हे नक्की. मग धक्का हवा ही मागणी होणार, आणि ती रास्त आहे, आजींसाठी तरी मी ती करेन. पण तो कुठे आणि कसा? पूर्वेच्या त्या पुळणीवर, महादरवाजाच्या बरोबर समोर सिमेंटचा धक्का ठोकला तर वळणात लपवलेला दरवाजा आणि समोरचं चिंचोळं पाणी, म्हणजे ज्यामुळे १७५५ समजतं तेच झाकलं जाईल. तांडेलांशी यावर परतताना बोललो. त्यांचं म्हणणं असं की तरंगता धक्का ठेवावा, दिवाळीनंतर लावायचा आणि मे महिन्यात काढून न्यायचा, नाहीतरी पावसाळ्यात कुणी जात नाही, जून-जुलैत तर मासेमारीच बंद असते. आणि दिवसाला किती बोटी लागतील याचा आकडा हर्णेच्या बोटवाल्यांना विचारून ठरवावा, वरून नको. मला ते पटलं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तेव्हा परवानगी तिथून लागेल, आणि पाण्यातली सागरी मंडळाकडून. दोन्हीकडे लेखी मागणी करायची तर ती हर्णे-पाजपंढरीच्या लोकांच्या सहीने गेली पाहिजे, पुण्या-मुंबईच्या पर्यटकांच्या नाही. काकांनी मसुदा लिहून द्यायचं कबूल केलंय, सह्या गोळा करायचं तांडेल बघतायत.